स्लॉट पुरवून कसे वापरावेत : डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये पहिल्यांदा जादूगार घेणाऱ्यांसाठी

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, डाइस टाकत, आपापलं पात्र घेऊन खेळायचा खेळ. त्यात स्पेल म्हणजे जादूचा मंत्र, आणि स्लॉट म्हणजे तो टाकताना खर्च होणारी मोजकी जागा. माझं पहिलं पात्र पाचव्या लेव्हलची क्लेरिक (देवाच्या बळावर जादू करणारी) होती. थडग्यांखालच्या भुयारात पहिल्याच खोलीत आमच्या फायटरला जरा लागलं आणि मी लगेच क्युअर वूंड्स (जखम भरणारा मंत्र) टाकला. दुसऱ्या खोलीत रोगला (Rogue, म्हणजे चोरपावलांचं, कुलपं उघडणारं पात्र) बाण लागला, पुन्हा क्युअर वूंड्स. अंधार आहे म्हणून एक स्लॉट, दार अडलंय म्हणून एक स्लॉट. चौथ्या खोलीत फायटरचे हिट पॉइंट (जिवाचा आकडा) शून्यावर आले आणि तो कोसळला, तेव्हा तो माझ्यापासून चाळीस फुटांवर होता, मध्ये दोन सांगाडे उभे होते आणि माझे नऊच्या नऊ स्लॉट संपले होते. त्याचे तीन डेथ सेव्ह (जीव वाचवण्यासाठीच्या डायच्या फेकी) चुकले. तीन महिने जपलेलं पात्र गेलं. तो मित्र मला एका शब्दाने बोलला नाही, पण मला ती रात्र जड गेली.

त्यानंतर मी नियम नीट वाचले, बऱ्याच मोहिमा खेळले आणि एक गोष्ट कळली : स्लॉट लढाईच्या हिशोबाने दिलेले नसतात, दिवसाच्या हिशोबाने दिलेले असतात. 'ही लढाई कशी जिंकू' एवढाच विचार करणारा जादूगार तिसऱ्या लढाईत रिकाम्या हाताने उभा राहतो. पुढचं सगळं त्या दिवसाच्या हिशोबाबद्दल आहे.

नियम पाचव्या आवृत्तीचे धरले आहेत, २०१४ सालच्या पुस्तकातले. २०२४ मध्ये या आवृत्तीचं सुधारित पुस्तक आलं, त्यात काही गोष्टी बदलल्या. जिथे फरक पडतो तिथे सांगते.

टेबलावर काय काय हवं

- कॅरेक्टर शीट आणि शिसपेन्सिल. पेनाने स्लॉट खोडू नका, दर रात्री ते परत भरायचे असतात.
- तुमच्या क्लासचा (पात्राचा प्रकार : विझार्ड, क्लेरिक वगैरे) स्लॉटचा तक्ता. मूळ नियमांचा मोठा भाग प्रकाशकांनी मोफत दिला आहे, तो उतरवून घेता येतो. पुस्तक विकत घ्यायची घाई नको.
- तयार केलेल्या प्रत्येक स्पेलसाठी एक कार्ड. घरी लिहिलेलं चालतं. त्यावर पाच गोष्टी हव्यात : लेव्हल, ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) की बोनस ॲक्शन (जोडीची छोटी कृती) की रिॲक्शन (दुसऱ्याच्या कृतीला लगेच दिलेलं उत्तर), अंतर, कॉन्सन्ट्रेशन लागतं का, रिच्युअल आहे का (ही दोन्ही पुढे समजावली आहेत).
- चिंचोके किंवा कवड्या, आणि एक वाटी. कशासाठी ते तिसऱ्या पायरीत.

१. आधी 'लेव्हल' या शब्दाचा गोंधळ सोडवा

नवीन माणूस सगळ्यात आधी इथे अडखळतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. या खेळात 'लेव्हल' हा एकच शब्द तीन गोष्टींसाठी वापरतात.

पात्राची लेव्हल म्हणजे तुमचा अनुभव, १ ते २०. स्पेलची लेव्हल म्हणजे ते स्पेल किती भारी आहे, १ ते ९. स्लॉटची लेव्हल म्हणजे ती जागा किती मोठी आहे, तीही १ ते ९. तुम्ही तिसऱ्या लेव्हलला पोचलात म्हणून तिसऱ्या लेव्हलचं स्पेल मिळत नाही. फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचं स्पेल आहे, पण विझार्डला ते पाचव्या लेव्हलला मिळतं.

स्पेल टाकायला त्याच्या लेव्हलचा किंवा त्याहून मोठा स्लॉट लागतो. मोठ्या स्लॉटमध्ये छोटं स्पेल बसतं आणि बहुतेक वेळा जोरही वाढतो : मॅजिक मिसाईल पहिल्या लेव्हलच्या स्लॉटमधून तीन बाण सोडतं, दुसऱ्यातून चार. छोट्या स्लॉटमध्ये मोठं स्पेल बसत नाही, आणि दोन छोटे जोडून एक मोठाही होत नाही. (सॉर्सररकडे त्यासाठी वेगळी सोय आहे, ती पुढे.)

दुसरा गोंधळ जुन्या खेळाडूंकडून येतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ पहिल्यांदा छापला गेला, तेव्हा जादूची कल्पना जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाच्या कथांवरून घेतली होती : मंत्र पाठ करायचा, आणि म्हटला की तो डोक्यातून पुसला जातो. त्यामुळे जुन्या आवृत्त्यांत सकाळीच ठरवावं लागे की आज या जागेत मॅजिक मिसाईल आणि त्या जागेत स्लीप. पाचव्या आवृत्तीत तसं नाही. सकाळी तयार करता ती स्पेलची यादी वेगळी, आणि स्लॉट वेगळे. यादीतलं कुठलंही स्पेल स्लॉट असेपर्यंत कितीही वेळा टाकता येतं. तुमच्या गटात कोणी वीस वर्षं खेळलेला दादा असेल आणि तो 'तो मंत्र तू एकदा वापरलास, आता संपला' असं म्हणाला, तर आदराने पुस्तकातलं पान दाखवा.

२. तुमच्या क्लासचं टाकं कसं भरतं ते बघा

विझार्ड, क्लेरिक, ड्रुइड, बार्ड आणि सॉर्सरर या पाचांचा तक्ता एकच आहे. पहिल्या लेव्हलला पहिल्या लेव्हलचे २ स्लॉट, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला ४ आणि त्यासोबत दुसऱ्या लेव्हलचे २. पाचव्या लेव्हलला ४, ३ आणि २, एकूण नऊ. हे सगळे लाँग रेस्ट (आठ तासांची विश्रांती) घेतल्यावरच परत येतात.

विझार्डला वर एक छोटी मदत आहे, आर्केन रिकव्हरी. दिवसातून एकदा, शॉर्ट रेस्ट (तासभराची विश्रांती) संपल्यावर, ज्यांच्या लेव्हलची बेरीज आपल्या लेव्हलच्या निम्मी होते एवढे स्लॉट परत मिळतात, अपूर्णांक आला तर वरचा आकडा. पाचव्या लेव्हलला तीन : म्हणजे एक तिसऱ्या लेव्हलचा, किंवा एक दुसऱ्याचा आणि एक पहिल्याचा, किंवा पहिल्याचे तीन. नवे विझार्ड हे विसरतातच. शीटवर स्लॉटच्या शेजारी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

सॉर्सररला दुसऱ्या लेव्हलपासून सॉर्सरी पॉइंट मिळतात. दोन पॉइंट देऊन पहिल्या लेव्हलचा स्लॉट, तीन देऊन दुसऱ्याचा, पाच देऊन तिसऱ्याचा. उलट स्लॉट मोडला तर जेवढी त्याची लेव्हल तेवढेच पॉइंट. म्हणजे हा व्यवहार दर वेळी तोट्याचा आहे. अगदी गरज असेल तेव्हाच करा. पॉइंटचा खरा उपयोग मेटामॅजिकसाठी (टाकत असलेलं स्पेल हवं तसं वळवण्यासाठी) आहे.

वॉरलॉकचं सगळंच निराळं. दुसऱ्या ते दहाव्या लेव्हलपर्यंत त्याच्याकडे फक्त दोन स्लॉट, पण ते नेहमी त्याला मिळू शकणाऱ्या सर्वांत मोठ्या आकाराचे, आणि ते शॉर्ट रेस्टला परत येतात. वॉरलॉकने साठवून ठेवणं म्हणजे सरळ वाया घालवणं. दोन्ही वापरा आणि गटाकडे तासभर विश्रांती मागा. लाजू नका, तुमचा क्लासच त्या तासावर बेतलेला आहे. गट शॉर्ट रेस्ट घेतच नसेल तर पात्र निवडण्याआधीच हे बोलून घ्या.

पॅलाडिन आणि रेंजर यांना अर्धेच स्लॉट, २०१४ च्या नियमांत दुसऱ्या लेव्हलपासून, २०२४ मध्ये पहिल्यापासून.

३. स्लॉट डोळ्यांना दिसू द्या

पेन्सिलीची खूण करणं पुरेसं आहे असं वाटतं, पण लढाईच्या गडबडीत शीटकडे कोण बघतं? मी चिंचोके वापरते. पहिल्या लेव्हलच्या स्लॉटसाठी साधे, दुसऱ्यासाठी खालच्या बाजूला खडूची रेघ ओढलेले, तिसऱ्यासाठी कवड्या. सकाळ झाली की सगळे समोर मांडायचे. स्पेल टाकलं की त्यातला एक उचलून वाटीत.

वाटीत पडताना आवाज होतो. हा आवाज फार कामाचा आहे. सगळ्या टेबलाला कळतं की काहीतरी खर्च झालं, आणि समोर दोनच चिंचोके उरले की फायटर स्वतःहून म्हणतो, 'थांब, हे मी बघतो.' शीटवरच्या खुणा फक्त तुम्हाला दिसतात, चिंचोके सगळ्यांना दिसतात. जादूचा हिशोब एकट्या जादूगाराने ठेवायचा नसतो.

ऑनलाइन खेळत असाल तर स्लॉटचा आकडा गटाच्या चॅटमध्ये दर लढाईनंतर टाकत जा. परिणाम तोच.

४. जे फुकट आहे ते आधी

कँट्रिपला, म्हणजे सगळ्यात साध्या स्पेलला, स्लॉट लागत नाही. दिवसभर टाका. आणि पाचव्या, अकराव्या, सतराव्या लेव्हलला हल्ल्याचे कँट्रिप वाढतात. एक हिशोब करून दाखवते, कारण हा हिशोब कळल्यावर माझी खेळायची पद्धतच बदलली.

पाचव्या लेव्हलच्या विझार्डचा फायर बोल्ट हा कँट्रिप २डी१० (दहा बाजूंचे दोन डाइस), सरासरी ११. मॅजिक मिसाईलचे तीन बाण प्रत्येकी १डी४+१, एकूण सरासरी १०.५. समोर ओगर हा दांडगा राक्षस आहे, त्याचा आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) ११. तुमच्या हल्ल्याला +७ असेल तर वीस बाजूंच्या डायवर ४ किंवा वर काहीही आलं की बोल्ट लागतो. म्हणजे चुकण्याची शक्यता धरूनही फुकटचा फायर बोल्ट जवळपास तेवढंच नुकसान करतो जेवढं स्लॉट मोडून मॅजिक मिसाईल करतं. मग मॅजिक मिसाईल कधी? चुकणं परवडणार नाही तेव्हा. शत्रूचे चार-पाच हिट पॉइंट उरलेत आणि तो भोंगा वाजवायला धावतोय, तेव्हा.

दुसरी फुकट गोष्ट रिच्युअल. ज्या स्पेलवर रिच्युअल लिहिलं आहे ते दहा मिनिटं जास्त घेऊन टाकलं तर स्लॉट लागत नाही. डिटेक्ट मॅजिक, आयडेंटिफाय, काँप्रिहेंड लँग्वेजेस, अलार्म, सगळी अशीच. विझार्डला ती तयारही करावी लागत नाहीत, पुस्तकात असली की झालं. क्लेरिक आणि ड्रुइडला मात्र त्या दिवशीच्या यादीत असावी लागतात. मी पहिल्या मोहिमेत प्रत्येक दाराशी स्लॉट मोडून डिटेक्ट मॅजिक टाकत होते. कोणी मारायला धावून येत नव्हतं. दहा मिनिटं थांबले असते तर एकही स्लॉट गेला नसता.

आणि तिसरी फुकट गोष्ट म्हणजे जादू नसलेली प्रत्येक गोष्ट. दोर, मशाल, पहार, गोड बोलणं. दार उघडायला रोग आहे. दरी ओलांडायला पन्नास फूट दोर आहे, तो एक सोन्याच्या नाण्याला मिळतो. तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट जाळून फ्लाय टाकण्याआधी गटाला विचारा, 'हे कोणाला तसंच जमेल का?'

५. सकाळची यादी : प्रत्येक स्पेलला वेगळं काम द्या

विझार्ड आपल्या लेव्हलमध्ये इंटेलिजन्सचा मॉडिफायर (बुद्धीच्या गुणावरून मिळणारा +३, +४ असा आकडा) मिळवून येईल तेवढी स्पेल तयार करतो, पाचव्या लेव्हलला +४ असेल तर नऊ. क्लेरिक आणि ड्रुइड विझ्डमवर तसंच मोजतात, आणि क्लेरिकच्या डोमेनची स्पेल त्यात न मोजता कायम तयार असतात. बार्ड आणि सॉर्सररना २०१४ च्या नियमांत रोज यादी बदलता येत नाही, त्यांनी लेव्हल वाढतानाच विचार करावा.

नवीन खेळाडू यादीत आगीचं एक, विजेचं एक, बर्फाचं एक असं घेतो. पण ही तिन्ही एकाच कामाची आहेत : नुकसान करणं. मी यादी करताना स्वतःला विचारते : अनेक जण एकत्र आले तर? एकच दांडगा समोर आला तर? मी कोंडीत सापडले तर? कोणी पडलं तर? लढाई टाळायची असेल तर? प्रत्येकाला एक उत्तर असलं की पुरे.

आणि बघा, एका ॲक्शनमध्ये नुकसान करणाऱ्या स्लॉटपेक्षा पूर्ण लढाईभर चालणारा स्लॉट बहुतेक वेळा जास्त देतो. ब्लेस घ्या. पहिल्या लेव्हलचा एक स्लॉट, तीन जण, मिनिटभर प्रत्येक हल्ल्यावर आणि सेव्हवर (धोका टाळण्यासाठीच्या डायच्या फेकीवर) १डी४ जास्त. सरासरी अडीच, म्हणजे साधारण दर आठ वारांमागे एक जास्तीचा लागतो. तीन लढवय्ये चार फेऱ्या लढले तर किती वार होतात ते मोजा. नवे क्लेरिक ब्लेसकडे बघतही नाहीत, कारण त्यात स्वतःला डाय फेकायला मिळत नाही. मला आज कोणी एकच पहिल्या लेव्हलचं स्पेल निवडायला सांगितलं तर मी तेच निवडेन.

६. कॉन्सन्ट्रेशन : एका वेळी एकच

अशा लांब चालणाऱ्या स्पेलपैकी बरीच कॉन्सन्ट्रेशन मागतात. एका वेळी एकच धरता येतं. दुसरं टाकलं की पहिलं त्याच क्षणी मोडतं, आणि त्याचा स्लॉट परत येत नाही. ब्लेस चालू असताना स्पिरिट गार्डियन्स टाकलं की ब्लेस गेलं. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) आठवण करून दिली नाही तर कित्येक सेशन हे कोणाच्या लक्षातच येत नाही, म्हणून कार्डावर मोठा 'कॉ' लिहा.

मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) सेव्ह द्यावा लागतो, तो चुकला की धरलेलं स्पेल मोडतं. लक्ष्य १०, किंवा झालेल्या नुकसानाच्या निम्मं, यातलं जे मोठं ते. १३ लागले तर लक्ष्य १०, ३० लागले तर १५. प्रत्येक माराला वेगळा सेव्ह, म्हणून एका मोठ्या घावापेक्षा चार छोटे बाण जास्त घातक. मोठा स्लॉट घालून स्पेल धरलं असेल तर पुढे उभं राहू नका. खांबामागे जा, फायटरच्या पाठीशी जा. हे भित्रेपणाचं वाटतं, पण तुम्ही तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट हातात धरून उभे आहात, तो सांभाळणं हेच तुमचं त्या फेरीतलं काम.

७. दिवस कसा खर्च होतो : एक उदाहरण

पाचव्या लेव्हलची विझार्ड, स्लॉट ४, ३, २. सोबत फायटर, क्लेरिक, रोग. काम : जुन्या खाणीत बेपत्ता झालेल्या माणसांचा शोध. हे आमच्याच एका सेशनचं आहे.

निघताना मेज आर्मर, म्हणजे जादूचं चिलखत. आठ तास टिकतं, कॉन्सन्ट्रेशन नाही. दिवसातला सगळ्यात वसूल होणारा स्लॉट. उरले ३, ३, २.

तोंडाशी दगडावर खुणा. डिटेक्ट मॅजिक, रिच्युअल म्हणून. घुबड आत पाठवलं, ते आदल्याच रात्री फाइंड फॅमिलिअरच्या रिच्युअलने आणलं होतं. शून्य खर्च, आणि पुढे सहा गॉब्लिन दोन टोळ्यांत बसलेत हे कळलं.

पहिली लढाई. फायरबॉल टाकायचा मोह झाला. पण गॉब्लिनला जेमतेम सात हिट पॉइंट, ते विखुरलेले, आणि फायटर मध्ये घुसलेला. फायर बोल्टवर भागवलं. एक बाण मला बरोबर १७ वर लागत होता, माझा आर्मर क्लास १६. रिॲक्शन म्हणून शील्ड, पुढच्या पाळीपर्यंत +५, बाण चुकला. डीएम हल्ल्याचा आकडा सांगत असेल तर शील्ड फार नेमकं वापरता येतं. २४ आला असता तर टाकलंच नसतं. उरले २, ३, २.

मग खड्डा. दोर. शून्य.

दुसरी लढाई, दोन ओगर, बोगद्यातून आमच्याकडे येणारे. इथे वेब. दुसऱ्या लेव्हलचं, तासभर टिकणारं, आणि दोन्ही बाजूंना भिंती असल्या की नीट ताणून बसणारं. ओगर बळकट पण मंद, १५ चा डेक्स्टेरिटी सेव्ह चारांतून तीनदा त्याला जमत नाही. दोघे अडकले, त्यांच्यावरच्या प्रत्येक वाराला ॲडव्हांटेज (दोनदा डाय टाकून मोठा आकडा धरायची सवलत) मिळाला, आणि बाकीचं फायटर आणि रोगने केलं. मी रे ऑफ फ्रॉस्ट मारत राहिले, फायर बोल्ट नाही, कारण वेबचं जाळं आगीने जळून जातं. एका स्लॉटमध्ये पूर्ण लढाई. उरले २, २, २.

तासभर विश्रांती. आर्केन रिकव्हरीने एक पहिल्याचा, एक दुसऱ्याचा परत. ३, ३, २.

तिसरी लढाई मोठी. आठ हॉबगॉब्लिन ओळीने उभे, मागे त्यांचा सरदार आणि एक जादूगार. माझी पाळी फायटरच्या आधी आली. आता फायरबॉल. ८डी६, सरासरी २८, सेव्ह केला तरी १४, आणि हॉबगॉब्लिनला ११ हिट पॉइंट. सात पडले. त्यांच्या जादूगाराने हात उचलला तसं काउंटरस्पेल, त्याचा मंत्र हाणून पाडणारं. दोन्ही मोठे स्लॉट एका फेरीत गेले, आणि मला त्याची जराही हळहळ नाही, ते याच क्षणासाठी सकाळपासून धरून ठेवले होते. सरदार अंगावर आला तेव्हा मिस्टी स्टेप, क्षणात दुसऱ्या जागी नेणारं. शेवटी तो उरल्यासुरल्या जिवावर पळत सुटला, चुकायला वाव नव्हता, मॅजिक मिसाईल. उरले २, २, ०. परतीच्या वाटेसाठी एवढे पुरेसे होते.

माझा अंदाजपंचे नियम असा : सर्वांत मोठ्या लेव्हलचे स्लॉट, आजचं काम ज्याच्यासाठी आहे त्या लढाईला. मधल्या लेव्हलचा एक, जिथे कोणी पडण्याची शक्यता दिसते त्या प्रत्येक लढाईला. पहिल्या लेव्हलचे बचावाला आणि पडलेल्याला उठवायला. एक स्लॉट परतीसाठी.

८. विश्रांतीबद्दल डीएमशी आधीच बोला

शॉर्ट रेस्ट किमान एक तास, लाँग रेस्ट किमान आठ तास आणि चोवीस तासांत एकदाच. बॉल्डर्स गेट ३ हा याच नियमांवरचा व्हिडिओ गेम खेळून आलेल्यांना इथे धक्का बसतो. तिथे शिधा असला की छावणीत जाऊन झोपता येतं. टेबलावर तुम्ही झोपलात तर खाणीतले ओलीस झोपत नाहीत, आणि शत्रू तेवढ्यात दार बंद करून ठेवतो.

२०१४ च्या डीएमसाठीच्या पुस्तकात मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ लढती एका दिवसात पेलाव्यात असा हिशोब दिला होता, मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट. २०२४ च्या पुस्तकात तो हिशोब नाही. आणि मी बसलेल्या बहुतेक टेबलांवर दिवसाला दोन-तीनच लढती होतात. म्हणून मोहीम सुरू होण्याआधी सरळ विचारा : दोन लाँग रेस्टमध्ये साधारण किती लढती असतील? रानात, भुयारात झोपायला मिळेल का? डीएम कथा फोडणार नाही, पण अंदाज देईल. दोन लढती असतील तर हात सैल सोडा. सहा असतील तर वरचा नियम पाळा.

९. नेहमीचे खड्डे

*प्रत्येक जखम भरणं.* माझी चूक. पाचव्या लेव्हलला क्युअर वूंड्स सरासरी साडेआठ परत देतं, ओगरचा एक फटका सरासरी तेरा घेतो. (२०२४ मध्ये क्युअर वूंड्स २डी८ झालं, त्यामुळे ते बरंच सुधारलं.) लढाईत भरपाई करत बसलात तर कायम मागेच राहाल. एक हिट पॉइंट असलेला फायटर आणि पन्नास असलेला फायटर सारखाच वार करतो. शून्यावर पडलेल्याला उठवण्यासाठी हीलिंग वर्ड ठेवा : बोनस ॲक्शन, साठ फुटांवरून. त्या रात्री माझ्याकडे त्यासाठी एक स्लॉट असता तर पुरला असता. बाकीच्या जखमा लढाईनंतरच्या शॉर्ट रेस्टमध्ये हिट डाइस टाकून भरतात, त्यासाठीच ते आहेत.

*साठवून ठेवणं.* पहिल्या चुकीनंतर मी उलट टोकाला गेले. पुढच्या मोहिमेत सगळा गट कोसळला तेव्हा माझे दोन्ही तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट तसेच होते, 'पुढे काहीतरी मोठं येईल' म्हणून. तेच मोठं होतं. दोन मित्र पडायच्या बेतात असतील तर तीच दिवसाची मोठी लढाई समजा.

*पॅलाडिनचा प्रत्येक वाराला स्माइट.* २०१४ च्या नियमांत वार लागल्याचं बघून मग स्माइट (स्लॉट मोडून त्या वाराचं नुकसान वाढवणं) ठरवता येतो, आणि क्रिटिकल (डायवर वीस) असेल तर स्माइटचे डाइसही दुप्पट होतात. म्हणून वीस पडायची वाट बघणं फायद्याचं. २०२४ मध्ये स्माइट बोनस ॲक्शनचं स्पेल झालं, त्यामुळे पाळीला एकदाच.

*एकाच पाळीत दोन स्पेल.* २०१४ मध्ये बोनस ॲक्शनने कुठलंही स्पेल टाकलं तर त्याच पाळीत ॲक्शनने फक्त कँट्रिप टाकता येतं. हीलिंग वर्ड आणि गायडिंग बोल्ट एकत्र नाही. रिॲक्शनही फेरीला एकच : शील्ड वापरलं की पुढची पाळी येईपर्यंत काउंटरस्पेल नाही.

*महागडे घटक.* काही स्पेलना वस्तू, म्हणजे घटक, लागतात. साध्या घटकांऐवजी फोकस (जादूची कांडी वगैरे) किंवा पाउच (घटकांची पिशवी) चालतो, पण किंमत लिहिलेली असेल तर ती वस्तू खरोखर लागते. नुकत्याच मेलेल्याला उठवणाऱ्या रिव्हिव्हिफायला तीनशे सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो, आणि तो संपतो. स्लॉट आहे पण हिरा नाही, अशी वेळ येऊ देऊ नका. गटाच्या सामायिक पैशांतून पहिला हिरा घ्या.

*झोपण्याआधी उरलेले स्लॉट.* दिवस संपलाच असेल तर ड्रुइड आणि रेंजर यांनी उरलेल्यातून गुडबेरी टाकावं. दहा बोरं, प्रत्येकी एक हिट पॉइंट, चोवीस तास टिकतात. सकाळी स्लॉट भरलेले आणि बोरंही खिशात. एक मात्र जपा : रात्री पहाऱ्यावर काही झालं तर लागेल म्हणून एक स्लॉट ठेवूनच झोपा.

१०. सेशन संपताना

आमचं सेशन जवळजवळ नेहमी दिवसाच्या मध्यातच तुटतं, कोणाला शेवटची बस असते, कोणाला सकाळी ऑफिस. पुढच्या रविवारी कोणालाच आठवत नाही की किती स्लॉट उरले होते, आर्केन रिकव्हरी झाली होती का, ब्लेस चालू होतं का. आणि मग अर्धा तास त्यावर वाद. म्हणून उठण्याआधी समोरचे चिंचोके, वाटी आणि शीट यांचा मोबाइलवर एक फोटो काढा, खाली खेळातली वेळ आणि चालू असलेलं कॉन्सन्ट्रेशन लिहून गटावर टाका, आणि मगच चिंचोके डब्यात भरा.